चोरून आणलेलं पाणी

"कोण म्हणतं? आणि त्याला त्यातून काय मिळतं?"

हे दोन प्रश्न ती एका दमात विचारायची. पेपरातली बातमी असो, फादरांचं प्रवचन असो, नाहीतर टीव्हीवरचा पावसाचा अंदाज, सगळ्यांना हेच दोन प्रश्न. एकदा मी तिने थर्मासमधून आणलेल्या चहाचं कौतुक केलं, तर तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय काम आहे, बाय?"

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना जरा टाळतोच. मीही टाळलं असतं, पण ती माझ्या कामातच येऊन बसली.

विरारला एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत मी माती आणि पाणी तपासते. ती वसईजवळच्या भुईगावची, साठी ओलांडलेली. नवरा गेल्यापासून वाडी एकटीने सांभाळायची. मोगरा, केळी, आणि मधल्या वाफ्यांमध्ये पालेभाजी. फोनवर घरच्यांशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र जपून, शाळेत शिकलेलं मराठी.

पहिल्यांदा आली तेव्हा तिने तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या. तिन्हींवर चिकटवलेले कागद. एकावर भुईगाव, एकावर आगाशी, एकावर जूचंद्र. चार दिवसांनी मी रिपोर्ट दिले. तिने ते शेजारी शेजारी ठेवले, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच हसली.

"भुईगाव आणि आगाशी एकाच विहिरीचं पाणी आहे. माझ्याच. जूचंद्र म्हणून दिलं ते दुकानातल्या सीलबंद बाटलीतलं. तू बरोबर ओळखलंस."

मला राग आला. "मावशी, तुम्ही आमची परीक्षा घेतलीत?"

"मग? तू माझ्या पाण्याची घेणार, तर तुझी कोण घेणार?"

त्या वर्षी वसईत पाण्यावरून वातावरण तापलं होतं. एका दैनिकात छापून आलं की पश्चिमेकडच्या गावांतल्या विहिरींमध्ये नायट्रेट वाढलंय आणि त्याचं कारण युरिया. सरकार अनुदान देतं, म्हणून तो बाकीच्या खतांपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून शेतकरी हात सैल सोडून टाकतात, असा बातमीचा सूर. वाडीवाले भडकले. त्यांचं म्हणणं, पाणी नासवलं ते नव्या बिल्डिंगींनी. त्यांच्या संडासाच्या टाक्या जमिनीत झिरपतात. बिल्डिंगवाले म्हणत, आमच्या नावावर कशाला बिल फाडता? कोणी म्हणे अनुदान बंद करा, कोणी म्हणे तेच अनुदान शेणखताला द्या. आणि या सगळ्याखाली एक भीती होती. वाडीच पाणी नासवते असं एकदा कागदावर आलं, की हा हिरवा पट्टा ठेवायचा तरी कशाला, असं विचारणारे बिल्डर टपून बसले होते.

"सगळ्यांना बोट दाखवायचंय," ती म्हणाली. "पाणी कोणालाच बघायचं नाही. आमच्या गल्लीत दोन तान्ही बाळं आहेत."

बाळांचं तिला मीच सांगितलं होतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, पाणी उकळून ते जात नाही. मोठ्यांना चटकन काही होत नाही, पण वरचं दूध त्या पाण्यात कालवून पाजलं तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. हे ऐकल्यावर तिने नेहमीचे दोन प्रश्न विचारले नाहीत.

मग तिने गावातल्या विहिरींचं पाणी गोळा करायला सुरुवात केली. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या कपड्यांतच निघायची. एकेका घरी जाऊन पोहरा टाकायची, मी दिलेल्या उकळून घेतलेल्या बाटल्या भरून त्यांवर विहिरीचा नंबर चिकटवायची आणि सोमवारी सकाळी बसने विरारला यायची. पाणी थंड ठेवा असं मी सांगितलं होतं, म्हणून एका कोळणीकडून बर्फासकट थर्माकोलचा डबा मागून आणला. आमची प्रयोगशाळा पुढे वर्षभर बोंबलाच्या वासाने दरवळली. आमच्या साहेबांनी मात्र मला बजावून ठेवलं होतं. बाटली काउंटरवर आली की आपलं काम सुरू. गावात जायचं नाही, कोणाच्या बाजूचं व्हायचं नाही. मी गेले नाही.

एकदा तिने सहज विचारलं, "तू राहतेस कुठे?"

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर वसईत आले. तिच्या गावापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आमचा फ्लॅट. मी बिल्डिंगचं नाव सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि निघून गेली. तीन आठवडे आली नाही.

आली ती हुकूम घेऊनच. "तुझ्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी आण. माझ्यासमोर तपास."

मी आणलं. त्यात मैल्याचे जंतू निघाले. त्याच पाण्याने आम्ही रोज सकाळी चूळ भरत होतो. मला वाटलं, आता ही मला ऐकवणार. पण तिने पिशवीतून मोगऱ्याची पुडी काढून टेबलावर ठेवली. "घरी जाऊन आधी सगळ्यांना सांग," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्या लेखी 'मॅडम'ची 'बाय' झाले. विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. बाटली माझ्या हातात देताना ती झाकण अजूनही दोनदा तपासायची.

बिल्डिंगींजवळच्या विहिरींमध्ये जंतू सापडले, नायट्रेटही. पण सगळ्यांत जास्त नायट्रेट निघालं ते तिच्याच विहिरीत. तिची वाडी आत, समुद्राच्या बाजूला. जवळ एकही बिल्डिंग नाही. जंतू नावालाही नाहीत.

"मशीन बिघडलं असेल," ती म्हणाली.

मी पुन्हा तपासलं. तिने पुन्हा पाणी आणलं. मी तिसऱ्यांदा तपासलं.

त्या दिवशी ती काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमचे हे होते तेव्हा युरिया मुठीने टाकायचे. मी घमेल्यातून उधळलं. पाला काळाभोर हिरवा दिसला पाहिजे, नाहीतर बाजारात गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं. स्वस्त होतं ना ते. महाग असतं तर मोजून टाकलं असतं."

तिने युरिया बंद केला. शेणखत, पालापाचोळा, तेवढंच. त्या हंगामात तिची माठाची भाजी पिवळट, खुरटी आली. बाजारात बायका उचलून बघायच्या आणि परत ठेवायच्या. पावसाळ्यानंतर तिच्या विहिरीतलं नायट्रेट थोडं उतरलं. ती खूश होऊन आली. मी म्हटलं, "मावशी, पावसाने पाणी वाढलं, म्हणूनही उतरलं असेल. शेजारच्या वाडीत युरिया चालू असेल, तर त्या विहिरीशी ताडून बघायला हवं."

शेजारची वाडी चेअरमनची. वाडीवाल्यांच्या संघटनेचे ते प्रमुख, म्हणून सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. तिच्या नवऱ्याचे जिवलग मित्र. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तेच उभे राहिले होते. त्यांनी नकार दिला. "वहिनी, हे आकडे उद्या कोणाच्या हातात पडतील, सांगता येतं का?" त्यांचंही चूक नव्हतं. तिलाही ते कळत होतं.

पुढच्या सोमवारी तिच्या डब्यात एक बाटली जास्त होती. कागदावर नुसता आकडा, चौदा.

"ही कोणाची?"

"चेअरमनचीच. पाणी प्यायला मागितलं. त्याच्या बायकोने तांब्या ठेवला आणि ती फोडणी बघायला आत गेली. मी पिशवीतल्या बाटलीत ओतलं." शाळेतल्या पोरीसारखे तिचे डोळे चमकत होते. मग चेहरा उतरला. "ती बाहेर येऊन म्हणाली, केवढी तहान लागली होती गं तुला."

चौदा नंबरचं नायट्रेट उतरलं नव्हतं. पाऊस तर दोन्ही विहिरींवर सारखाच पडला होता.

जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. वाडीवाले, बिल्डिंगींचे सेक्रेटरी, कृषी खात्याचे एक अधिकारी. रिपोर्ट आमचे म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. साहेबांनी मला पाठवलं, आणि निघताना पुन्हा तेच बजावलं.

आधी चेअरमन बोलले, की विहिरी बिल्डिंगींनी नासवल्या. मग एक सेक्रेटरी उठले, की युरिया कोण टाकतं ते जगजाहीर आहे. आवाज चढायला लागले. ती मागच्या बाकावरून उठली, चालत पुढे आली आणि माईक न घेताच बोलली.

"पहिली विहीर माझी. सगळ्यांत वाईट पाणी माझं. ते मी नासवलं, दुसऱ्या कोणी नाही."

मग सेक्रेटरींच्या बाजूने टाळ्या वाजल्या.

ती वळली. "टाळ्या कसल्या वाजवता? तुमचा आकडा अजून वाचायचाय."

तिने सगळ्या विहिरी वाचल्या. नावं न घेता, नुसते नंबर. कुठे जंतू, कुठे खत, कुठे दोन्ही. शेवटी म्हणाली, "अनुदान ठेवा की काढा, मला त्यातलं कळत नाही. पण ज्याने ते स्वस्त केलं त्याने मोजून टाकायलाही शिकवायला हवं होतं. आणि चौदा नंबरचं पाणी कोणी बाळाला देऊ नका."

चेअरमन हळूहळू उठले. "गावाने तर तेराच विहिरींचं पाणी दिलं होतं. चौदावी कुठली?"

ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमची. चोरून आणलं मी. चोरी माझी, पण पाणी तुमचंच आहे."

त्यानंतर काय गोंधळ झाला ते सांगत नाही. कोणी ओरडलं, हिला बिल्डरने उभी केलीय. कोणी म्हणालं, हे आकडेच खोटे. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे नमुने तुमच्या प्रयोगशाळेने विहिरींवरून घेतलेत का?"

मी उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे जे पाणी आलं, ते आम्ही तपासलं. ते कुठलं आहे, हे आम्ही सांगू शकत नाही."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण एवढ्यावर थांबायची काही गरज नव्हती. तीन बाटल्यांची गोष्ट मला सांगता आली असती. माझ्या बिल्डिंगचं पाणी मी स्वतः भरलं होतं, तेही सांगता आलं असतं. मी खाली बसले. कोणीतरी मोठ्याने हसलं. तिने कागदांच्या घड्या घातल्या आणि ती हॉलबाहेर गेली.

पुढे ज्याला त्याला तिचा संशय यायला लागला. वाडीवाल्यांच्या मते ती बिल्डरची माणूस, बिल्डिंगवाल्यांच्या मते वाडीवाल्यांनी पढवून पाठवलेली. चर्चमध्ये तिच्या बाकावर बायका बसेनाशा झाल्या. चेअरमननी दोन वाड्यांमधल्या कुंपणातलं फाटक तारेने बांधून टाकलं. पण त्या दोन्ही बाळांसाठी नळाचं पाणी भरून यायला लागलं. हे मला तिच्या मुलीने सांगितलं. ती स्वतः प्रयोगशाळेत पुन्हा आली नाही.

दीड वर्षाने तिच्या मुलीचाच फोन आला. आईचं पोटाचं दुखणं वाढलंय, तुम्हाला बोलावलंय. मी पहिल्यांदा भुईगावला तिच्या घरी गेले. ती ओटीवर खाटेवर पडून होती, निम्मी झालेली. मी सभेचं बोलायला सुरुवात केली तर तिने हात उडवला.

"खरंच बोललीस तू. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. पाणी काढलं कोणी?" मग विहिरीकडे बोट केलं. "या वेळी तूच काढ."

मी पोहरा सोडला. सवय नव्हती, दोर हाताला काचला. ती खाटेवरून सूचना देत होती. वरचं घेऊ नकोस, पोहरा बुडू दे, बाटली आधी विसळ. मी बाटली भरली, कागदावर तिच्या विहिरीचं नाव घातलं आणि खाली माझी सही केली. तिने ती बाटली हातात घेतली, झाकण तपासलं, आणि मला परत दिली.

रिपोर्ट तयार झाला त्या सकाळी ती गेली. नायट्रेट मर्यादेच्या आत आलं होतं, अगदी जेमतेम. मी तो कागद हातात घेऊनच भुईगावला गेले. अंगणात माणसं जमली होती. मला वाटलं होतं तितकी नाही, पण जमली होती. चेअरमन कडेला उभे होते. त्यांनी मला ओळखलं.

"हातात काय आहे?"

"विहिरीचा रिपोर्ट. त्यांच्या."

"पाणी कोणी काढलं?"

"मी. माझ्या हाताने."

त्यांनी हात पुढे केला. चष्मा लावून तो कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्या सहीपाशी थांबले. मग त्याची बारीक घडी करून शर्टाच्या खिशात घातली, आणि शवपेटी उचलायला पुढे होऊन पहिला खांदा त्यांनी दिला.

तो कागद त्यांनी जपून ठेवायला खिशात घातला, की दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही.