लाल चिठ्ठीची कॉइल

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात धम्मपाल पगारे बावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय. ट्रान्सफॉर्मरच्या लहानमोठ्या कॉइली. आता तो त्या विभागाचा सुपरवायझर आहे, आणि एक जरी वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला, की त्या कॉइलीला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतो. ‘पगारे साहेबांच्या नजरेतून केससुद्धा सुटत नाही,’ असं कामावरच्या बायका म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

रविवारी मात्र हा माणूस गिटारवाला. पोरवयात भीमजयंतीच्या गायन पार्टीत गिटार धरायला शिकला. पुढे कुठूनशी एक कॅसेट हाती लागली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, सत्तर सालच्या आसपासच्या रॉकचं वेड लागलं ते लागलंच. दोन-दोन गिटारी, लांबच लांब सोलो, आणि आवाज कसा, तर करपायच्या बेतात असताना चुलीवरून उतरवलेल्या गुळाच्या पाकासारखा. चौघांचा बँड जमला. बारा वर्षं त्यात सोलो धम्मपालचाच होता.

मग बँडातल्या दुसऱ्या गिटारवाल्याच्या, दीपकच्या बहिणीनं अमेरिकेतून त्याला पिकअप पाठवले.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी चुंबकाची आणि बारीक तारेच्या कॉइलीची डबी. तारांची थरथर तीच पकडते आणि आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला देते. धम्मपालनं घेतले होते नव्या धाटणीचे, दणदणीत. दीपकनं मागवले ते जुन्या पद्धतीचे, हातानं गुंडाळलेले, ताकदीला कमी. दीपक शाळामास्तर, सहा वर्षांनी धाकटा, बोटंही बेताचीच. पण त्यानं पहिला सूर लावला आणि ड्रमवाला वाल्मीक वाजवायचाच थांबला.

“हाच! अरे, हाच तो आवाज!”

विंचूरला एका वायनरीत कार्यक्रम ठरला होता. तिथला शेवटचा लांब सोलो दीपकनं वाजवायचा, हेही तिथल्या तिथं ठरलं. धम्मपालनं तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन ताटाला हात लावला नाही.

“काय झालं?” मनालीनं विचारलं.

“ॲसिडिटी.”

“दीपकभाऊंनी काय नवीन घेतलं?”

नवऱ्याला ती चांगली ओळखून होती.

धम्मपालनं हट्टानं स्वतःच पिकअप गुंडाळायला घेतले. चुंबकं मागवली, केसाहून बारीक तार आणली. पहिली जोडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. वेढ्याला वेढा लागून, जणू इस्त्री फिरवलेली. आवाजही तसाच, ताठ आणि थंड. तो आणखी नेटकं गुंडाळी, आवाज आणखी थिजे. तिकडे दीपकचा पाक उकळतोच आहे! रविवार आला की धम्मपालच्या अंगाचा तिळपापड होई.

कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि दीपकचा पिकअप मुका झाला. आत तार तुटली होती.

“धम्मादादा, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार?” असं म्हणून तो गिटारच ठेवून गेला.

धम्मपालनं डबी उघडली आणि खो-खो हसला. काय ते गुंडाळणं! तार इकडे धावलेली, तिकडे धावलेली, एका बाजूला ढीग, दुसरीकडे खड्डा. त्याच्या विभागात अशा कॉइलीला दोन लाल चिठ्ठ्या लागल्या असत्या. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, आवाज आहे तो याच वाकडेपणात. मग त्यानं स्वतःसाठी एक जोडी वेडीवाकडी गुंडाळायला घेतली. हात काही केल्या भरकटेना, तेव्हा खिडकीबाहेर बघत गुंडाळली. गिटारला बसवली, तार छेडली. गुळाचा पाक.

आता दीपकची कॉइल समोर होती. वाकडी गुंडाळली तर आवाज त्याचा त्याला परत. सरळ गुंडाळली तर? काम चोख, नाव ठेवायला जागा नाही, आणि आवाज गेला. धम्मपालनं आयुष्यातली सगळ्यात सरळ कॉइल गुंडाळली.

तालमीला दीपक वाजवायला लागला आणि सूर थंड निघाला. धम्मपालनं चार उत्तरं तयार ठेवली होती. दीपकनं दोनदा वाजवून पाहिलं, मान हलवली.

“नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला. पिकअप तुमच्या हातचा आहे, तो चुकायचा नाही. माझाच हात बसत नाहीये. सोलो तुम्ही घ्या, दादा.”

चार उत्तरांतलं एकही कामाला आलं नाही.

विंचूरला धम्मपालनं सोलो वाजवला. असा वाजवला, की लोक खुर्च्यांवरून उठले. त्यानं आधी दीपककडे पाहिलं. एखादी तरी आठी, एखादा तरी आवंढा दिसेल म्हणून चेहरा न्याहाळला. दीपक गिटार पाठीवर टाकून, हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. निखळ खूश. धम्मपालला आवाज मिळाला होता, सोलो मिळाला होता. पण असं टाळ्या वाजवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याला त्याचाही हेवा वाटला, आणि हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला. “गिटार घेऊन ये. कॉइल चुकलीय.”

“तुमच्या हातून? शक्यच नाही.”

“चुकलीय म्हणतोय ना!”

खरं काय ते सगळं सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. पण ती सरळ कॉइल बाहेर काढून त्यानं तिला लाल चिठ्ठी बांधली, आणि कारखान्यातल्या आपल्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. स्वतःच्या कामाला बांधलेली ती पहिलीच. मग खिडकीबाहेर बघत दीपकची कॉइल गुंडाळली.

पुढच्या रविवारी दीपकनं पहिला सूर लावला आणि वाल्मीक ओरडला, “हाच!” धम्मपाल “वा” म्हणाला आणि घरी आला.

मनालीनं ताट घेता घेता विचारलं, “ॲसिडिटी?”

“नाही. जळतोय मी त्याच्यावर,” धम्मपाल म्हणाला. “वाढ, भूक लागलीय.”