शेवग्याच्या पाल्याची तपेली

बहात्तरच्या दुष्काळात आमचा माग बंद पडला. वडील कामासाठी गावोगाव हिंडत होते. सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला चर्चच्या सिस्टरांनी स्वयंपाकघर सुरू केलं होतं. काय शिजवायचं ते गल्लीतल्या बायकाच ठरवायच्या, सिस्टर आपल्या कांदे चिरत बसायच्या. आई मात्र तिकडं फिरकायची नाही. भारी मानी बाई!

धाकटी बहीण तेव्हा तान्ही होती. आईचं दूध आटलेलं, पोरीची नुसती हाडं राहिली होती. हे कळल्यावर केरळच्या एक सिस्टर स्वतः भांडंभर दूध घेऊन आल्या. आईनं हात जोडले आणि भांडं तसंच परत केलं.

"नको वो सिस्टर. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायची रीत न्हाय आमच्यात. आन् त्यात घालायला घरात काय बी न्हाय."

मला आईचा असा संताप आला! पोर हातची चालली होती आणि हिला रीत सुचत होती. एरवी सगळ्यांशी हुज्जत घालणाऱ्या त्या केरळच्या सिस्टर त्या दिवशी गुपचूप निघून गेल्या, त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, हात हलवत. आमच्या दारातला शेवगा तेवढा त्या साली हिरवा होता.

"आज आमच्याकडे भाजी नाही. थोडा पाला द्याल?"

"थोडा कशाला? लागंल तेवढा न्या की."

"पण मी भांडं आणलं नाही. तुमचंच द्या."

आईनं आमची पितळी तपेली पाल्यानं गच्च भरून दिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. संध्याकाळी तपेली परत आली ती दुधानं काठोकाठ भरून.

"रिकामी कशी परत देऊ?" सिस्टर म्हणाल्या.

आई बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडली. "लई हुशार हाय ही बाई," म्हणत तिनं दूध चुलीवर ठेवलं.

त्यानंतर पाला जात राहिला आणि दूध येत राहिलं. बहिणीनं बाळसं धरलं. पुढे आई स्वयंपाकघरात भाकरी थापायलाही जाऊ लागली. एकदा मी सिस्टरांना ही युक्ती कुठून सुचली ते विचारलं.

"घेणाऱ्याचा मान राखून द्यावं, असं आमचं चर्च शिकवतं. तो राखायचा कसा, ते तुझ्या आईनं शिकवलं."

दुष्काळ सरला आणि सिस्टरांची बदली झाली. निरोप घ्यायला आल्या, तेव्हा आईनं तीच तपेली पाल्यानं भरून त्यांच्या हातात ठेवली.

"न्या. आता परत द्यायला यावंच लागतंय तुमाला."

त्यांचं येणं काही झालं नाही. आमच्याकडे पुढे स्टीलची भांडी आली, फळी भरून गेली. फक्त तपेलीची जागा तेवढी मोकळी राहिली. एकदा बहिणीनं, त्याच दुधावर वाढलेल्या बहिणीनं, तिथं चहाचा डबा ठेवला, तर म्हातारी आई तिच्यावर खेकसली.

"उचल तो. सिस्टर आल्या तर तपेली ठेवू कुटं?"