साखरेवरचे चार थेंब

बर्फातल्या त्या पोस्टवर म्हैसूरचे आम्ही दोघेच. मी हवालदार, सदाशिव लान्स नायक. सदाच्या घरचे मूळचे रंगारी, आता म्हैसुरातच मेटगळ्ळीत छपाईचं वर्कशॉप. हाताचा रंग टर्पेंटाइननं काढायचा. गुडघा दुखला की तेच चोळायचं, खोकला झाला की साखरेवर चार थेंब. सुट्टी संपवून येताना आईनं त्याच्या पिशवीत एक बाटली घातली होती.

"हे स्टोअरमध्ये जमा कर," मी म्हटलं. "खोकला असेल तर मेडिकलवाल्याला सांग."

"आय्यो दादा, आमच्या आज्जानं जन्मभर घेतलं. काय झालं त्याला?"

बाटली जमा केली. मला वाटलं, विषय संपला.

त्या दिवशी सगळं नेहमीसारखं. सकाळी हत्यारं घेऊन स्टँड-टू, पायांची तपासणी, बर्फ उपसणं. दुपारी बंकरमध्ये शिरलो आणि वास आला. खोकला झाला म्हणून सदा स्टोअरमधून बाटली घेऊन आला होता. साखर मिळाली नाही, म्हणून पठ्ठ्यानं झाकणभर तसंच घशात ओतलं. जोराचा ठसका लागलेला. छातीलाही चोळलेलं, आणि हातभर अंतरावर बुखारी, आमची रॉकेलची शेगडी, पेटलेली.

आधी बुखारी विझवली. त्याचं जॅकेट ओढून काढलं. एक जवान मीठपाण्याचा मग घेऊन धावत आला. तेवढ्यात रेडिओवर डॉक्टर मिळाले.

"पेशंटनं टर्पेंटाइन प्यायलंय. ओव्हर."

"उलटी करवू नका. रिपीट, उलटी नको. परत वर येताना फुफ्फुसात जाईल. बसवून ठेवा. छाती साबणानं धुवा. ऑक्सिजन लावा. ओव्हर."

"हेलिकॉप्टर? ओव्हर."

"वेदर बंद आहे. वेट."

मीठपाणी तसंच फेकून दिलं. पण ठसक्याबरोबर जे आत जायचं ते गेलंच होतं. मी गोळीबार पाहिलाय. पण खरं सांगतो, एवढा कधी घाबरलो नव्हतो. गोळी कुठून येते ते तरी कळतं. सदाचे ओठ निळे पडत चालले होते आणि मी नुसता त्याचा हात धरून बसलो होतो.

"दादा, आईला सांगू नको. ओरडंल."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा सदा नव्हता.

घरी जाऊन त्याच्या आईला मी खरं ते सांगितलं. यमुना, त्याची बहीण, शेजारीच बसली होती. म्हातारी ऐकूनच घेईना. "बर्फानं नेलं माझ्या लेकराला," एवढंच म्हणायची. शेवटपर्यंत तेच म्हणत गेली.

इतक्या वर्षांनी, परवा म्हैसुरातल्या विजयनगरला यमुनेकडे गेलो. तिची नात खोकत होती. चपला काढतोय तोच स्वयंपाकघरातून तो वास आला. यमुनेच्या हातात चमचा, चमच्यात साखर. पोरीनं तोंड उघडलेलं.

"बेडा! नको! ठेव खाली!"

परेड ग्राउंडवरचा आवाज निघाला. चमचा पडला. पोर रडायला लागली.

"काय अण्णा, चार थेंब तर. आई द्यायचीच की."

"सदालाही तिनंच दिलं होतं."

यमुना खालीच बसली.

"म्हणजे तुम्ही सांगत होता ते खरं होतं?"

"खरं होतं."

तिनं पोरीचं हात-तोंड धुतलं, मग स्वतःचे हात. पोरीला घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो. साधा खोकला होता, सिरप दिलं. बाटली बूच घट्ट लावून वर्कशॉपला परत गेली, रंगाच्या डब्यांशेजारी. तिची जागा तीच.

परतल्यावर यमुनेनं सदाच्या फोटोपुढे दिवा लावला. पोरीनं विचारलं, "आज्जी, या मामाआज्जाला काय झालं होतं?"

यमुनेनं माझ्याकडे पाहिलं.

"खोकला," मी म्हटलं. "नुसता खोकला झाला होता, बाळा."