तळ्याचा तळ

लेक गरोदर राहिल्यापासून त्या चेक गावाचा नकाशा मला मी राहते त्या टॅम्पिनीसच्या बसमार्गांपेक्षा जास्त पाठ झाला. दोन टेकड्यांच्या मधे गाव, वरच्या अंगाला तळं, खाली ओढा, मधोमध कांद्यासारख्या घुमटाचं चर्च. जावई तिथला, दोघं तिथेच राहतात. दवाखाना टेकडीपलीकडच्या शहरात, आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाखाली. इथे लिफ्टने खाली उतरलं की समोर पॉलिक्लिनिक. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी गृहीतच धरलं होतं. ती मात्र नुसतं "बघू" म्हणायची, आणि तिचं "बघू" म्हणजे नाही, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक.

त्यात मी गावाचा इतिहास वाचला आणि उरलीसुरली झोप गेली. महायुद्धानंतर तिथल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना, पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांना, गाठोडी उचलून निघायला लावलं होतं. रिकाम्या घरांत नवी माणसं आली. लेकीचं घर त्यातलंच. नवरा म्हणाला, तू इथे इतकी वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरीपुरत्या परवान्यावर काढलीस, तेव्हा नाही घाबरलीस? घाबरले होते. पास रिन्यू करायची वेळ आली की दर खेपेला घाबरले होते. त्याला सांगितलं नाही, इतकंच.

ऑक्टोबरात एका रविवारी लेकीने बोलता बोलता फोन खिडकीकडे फिरवला. तळं रिकामं. नुसता चिखल, मधे एक डबकं. मी माणदेशातली. आटलेलं तळं म्हणजे पुढे टँकर आणि हंड्यांची रांग, दुसरं काही मला सुचतच नाही. तिला बोलूच दिलं नाही. बाळंतिणीला पाणी किती लागतं, बॅग भर, तिकीट मी काढते, असं धडाधड सुनावलं.

ती हसायलाच लागली, इथल्या बोलीतलं 'लाह' अजून तिच्या तोंडी. "रिलॅक्स लाह, आई. आटलं नाही, सोडलंय. मासे धरायला."

पाणी सोडायचं, सगळ्या गावाने गुडघ्यापर्यंतचे बूट घालून काठावर जमायचं, नाताळसाठी मोठे मासे काढायचे, ही तिथली दरवर्षीची जुनी रीत. मग ओढा हिवाळाभर तळं पुन्हा भरत राहतो.

सांगता सांगता तिचं हसू ओसरलं. "तळं भरेल तोवर बाळ येईल. मी इथेच थांबणार आहे, आई. तू ये ना."

मला रागही आला आणि रडूही. "बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर दर रविवारी मी फक्त तळ्यात पाणी किती आलं तेवढंच विचारत राहिले. तीही तेवढंच सांगायची. बर्फाचं, दवाखान्याचं आम्ही दोघीही काढत नव्हतो. भीती जराही कमी झाली नाही. काल लिटल इंडियात जाऊन डिंक आणि अळीव आणले, आणि घरी आल्यावर तिला विचारलं, माझ्या मापाचे बूट तिकडे मिळतील का.