कोरडे तांदूळ

ती घटना आजही आठवते आणि मान खाली जाते.

तेव्हा मी लोणावळ्यात फौजदार होतो. भुशीकडच्या एका बंगल्यातून पाहुण्या बाईंच्या सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्या. घरात वावर दोघांचाच : स्वयंपाकी आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशी. खबऱ्याने सांगितलं, "सायेब, मावशीच्या पोरीचं लगीन ठरलंय." तेवढ्यावरून माझा संशय मावशींवर बसला.

आमचे जुने हवालदार संशयितांना मंतरलेले तांदूळ चावायला देत. चोराचे कोरडे निघतात, असा समज. मंत्रावर माझा विश्वास नव्हता. घरातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मंत्र वगळला, तांदूळ ठेवले आणि त्याला शास्त्र म्हणू लागलो.

स्वयंपाक्याने ओला लगदा थुंकला. मावशींच्या तोंडातून कोरडी भुकटी पडली.

"सायेब, माजं तोंड नेहमीच सुकतं. साखरंच्या आजाराची गोळी चालू हाय."

"ठाण्यात आलं की सगळ्यांनाच आजार आठवतात," मी म्हणालो. हवालदार हसले.

महिला शिपायासमोर मी दोन दिवस त्यांना तेच तेच विचारलं. बंगल्यावरचं त्यांचं काम गेलं. तिसऱ्या दिवशी तळेगावच्या एका सराफाचा फोन आला. पाटल्यांचं वर्णन आम्ही आधीच कळवलं होतं. त्या मोडायला स्वयंपाकी गेला होता. कबुली देतानाही त्याच्या गालात तंबाखूचा बार होता. त्याचं तोंड कोरडं पडणार कसं?

शाळेत आमचे विज्ञानाचे मास्तर सांगत, आपलं म्हणणं खोटं ठरेल असा प्रयोग आधी करून बघा. निर्दोष माणसाला तांदूळ देऊन मी कधी पाहिलंच नव्हतं. हवालदारांची श्रद्धा मंत्रावर होती, माझी माझ्या पदवीवर.

त्याच संध्याकाळी माफी मागायला मावशींच्या घरी गेलो. अंगणात पत्र्याची पेटी, गोधड्या, धान्याचे डबे, सगळं उपसून पडलं होतं. मुलगी बाजूला रडत उभी होती.

"बगा सायेब, समदं धुंडाळलं. पाटल्या कुटंच न्हाईत," मावशी म्हणाल्या. "तुमी शिकल्यालं मानूस, तुमचं खोटं कसं असंल? नकळत माज्याच हातनं आल्या असतील."

माफी राहिली बाजूला. आधी मला त्यांना पटवून द्यावं लागलं, की चोरी त्यांनी केलेली नाही.