आठ बाय दहाची मागची खोली

माझी माय तलावाच्या पाळीवरून घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला, तेव्हा एकोडीच्या घरात ती एकटीच राहत होती. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. भाऊ मला नाही. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेलं. शेजारणीनं फोन केला, मी आणि नवरा वरठीच्या आमच्या घरून मोटरसायकलनं गेलो, साकोलीला नेऊन प्लास्टर घालून आणलं. संध्याकाळी तिची वेणी घालताना मी तिला म्हटलं, "माय, आता तू आमच्याकडं चाल."

"जावयाच्या घरी कायची राहू मी?" ती म्हणाली. "हात बरा झाला की भात शिजवता येते मले."

मी तिला शेजारणीच्या हवाली करून परत आले. सकाळी चहा पिताना घरात विषय काढला. नवऱ्यानं आईकडं पाहिलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "आण ना. मी कायले नाही म्हणू? पण निजवशील कुठं? घर पाहून राहिली ना तू?"

बोलणं खोटं नव्हतं. समोरची बैठक, तिथंच माझी शिलाई मशीन. एक खोली आमची. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात आत्याबाईंची खाट. आणि मागची खोली, जिला आम्ही खोली म्हणायचो पण आत कोणी जाऊ शकत नव्हतं. दरवाजा अर्धाच उघडायचा. हात घालून जे हाताला लागेल ते ओढायचं, अशी तिची रीत. उन्हाळा संपला की कूलर तिच्यात जायचा आणि होळीपर्यंत बाकी सगळं त्याच्यामागं अडकून पडायचं.

मी ब्लाऊज शिवते. बाया मापापेक्षा कमी कापड आणतात आणि "बसव ना बाई कसंबी" म्हणतात, आणि मी बसवते. त्या दिवशी नवरा प्लांटवर कामाला गेल्यावर मी टेप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. सामानावर चढून मापलं. आठ बाय दहा. खाट सहा बाय अडीच. जागा होती. फक्त ती सामानाखाली होती.

आत्याबाईंना मी सांगितलं, "तुमची एकही वस्तू मी फेकणार नाही. शब्द देते. पण खोली रिकामी करणार."

"माह्या पेटीले हात लावू नको."

"सरकवावी तर लागेल, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी भरून लाखनीला लेकीकडे निघून गेल्या. बसस्टँडवर सोडायला गेलेला नवरा परत येऊन म्हणाला, "आई नाराज झाली. राहू दे ना. मायले पैसे पाठवू, बाई लावून देऊ कामाले."

"तिले बाई नाही पाहिजे," मी म्हटलं. "तुम्ही उद्या सुट्टी आहे ना? कूलर उचलायला हात लावा."

अंगणात मी तीन जुन्या साड्या अंथरल्या. एक आत्याबाईंची, एक नवऱ्याची, एक माझी आणि मुलीची, कारण मुलगी नागपूरला शिकायला गेली तरी तिचं सामान इथंच होतं. ज्याचं सामान त्याच्या साडीवर. माझ्या मनात आधीपासून पक्कं होतं की आत्याबाईंची साडी कमी पडेल. इतकी वर्षं मी शेजारणींना हेच सांगत आले होते, की सासूबाई काही फेकू देत नाहीत, म्हणून घर भरलं.

दुपारपर्यंत माझी साडी दिसेनाशी झाली. ब्लाऊजच्या चिंध्यांची चार पोती निघाली. कधीतरी गोधडी शिवीन म्हणून ठेवलेली. मुलीची पहिलीपासूनची पुस्तकं, तिचे लहानपणचे फ्रॉक, बारशात आलेली खेळणी. लग्नात आलेली स्टीलची भांडी, देणाऱ्यांची नावं कोरलेली, बरीचशी कागदातून बाहेरही न काढलेली. झाकण नसलेले डबे आणि डबा नसलेली झाकणं. नवऱ्याच्या साडीवर टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, मोबाईलची सहा खोकी, घासलेले टायर, आणि प्लांटमधून मिळणाऱ्या सेफ्टी बुटांचे फाटके जोड.

आत्याबाईंच्या साडीवर पाण्याचे दोन पितळी गुंड, एक जातं आणि ती लाकडी पेटी. बस.

मी पायरीवर बसले. नवऱ्याला म्हटलं, "पाहा." तो म्हणाला, "ते टीव्हीचं खोकं वॉरंटीसाठी लागते." तो टीव्ही भंगारात जाऊन नवा येऊन तीन वर्षं झाली होती. मी हसले नाही, कारण मला स्वतःचीच लाज वाटत होती. जिच्याकडं मी बोट दाखवत होते तिनं खोलीचा एक कोपरा घेतला होता. बाकी सगळा पसारा माझा.

मग मी थांबले नाही. चिंध्यांतलं एक पोतं निवडून ठेवलं, बाकीची तीन पोती गोधड्या शिवणाऱ्या बाईला देऊन टाकली. पुस्तकं शेजारच्या मुलींना. मुलीला फोन लावला आणि एकेक खेळणं कॅमेऱ्यासमोर धरलं. ती प्रत्येकाला "राहू दे" म्हणायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "ठीक आहे, कुरिअरनं पाठवते, तुझ्या होस्टेलच्या खाटेखाली ठेव." मग दोनच राहिली. स्टीलची भांडी बचत गटाला दिली, आता गावात कुणाकडे कार्यक्रम असला की तीच भांडी येतात.

कूलरचा प्रश्न वेल्डिंगवाल्यानं सोडवला. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड भिंतीत बसवून घेतला आणि कूलर वर्षभर बाहेरच ठेवायचा ठरवला, वर ताडपत्री. आमच्या पलंगाखालच्या पेटीचं झाकण वर उचलायचं होतं, म्हणजे गादी काढा, मग उघडा. त्यामुळे ती कधी कोणी उघडलीच नव्हती. सुतारानं तिला समोरून दोन दारं करून दिली. नऊ रजया त्यात मावल्या आणि वर जागा उरली. खोलीच्या तीन भिंतींना, डोक्याच्या वर, एक हात रुंद फळी मारून घेतली. सणावाराला लागतं ते तिथं.

एवढं सगळं करूनही खाट बसेना. भिंतीतल्या कपाटामुळं ती दाराच्या बाजूलाच लागत होती आणि चार बोटं कमी पडत होती. दरवाजा आत उघडायचा आणि खाटेच्या पायाला अडायचा. सुतार म्हणाला, "लहान खाट बनवू काय बाई?"

"दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवा."

"खोलीचा दरवाजा आतच उघडते, बाई."

"कोणी सांगितलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग चौकटीकडं पाहिलं. बिजागऱ्या काढून दुसऱ्या अंगाला लावल्या. तासाभराचं काम. खाट भिंतीला लागली.

राहिली होती आत्याबाईंची पेटी. ती मी नवऱ्याच्या मदतीनं अंगणातून आत आणत होते, तेव्हा तिच्या बुडातून ओल्या मातीसारखं काहीतरी गळालं. उलटून पाहिलं तर उदई, म्हणजे वाळवी, लागलेली. बुडाची फळी पोखरून गेली होती. किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. कुलूप तोडायचं तर त्यांनी बजावलेलं मोडणार, न तोडावं तर आतलं सगळं जाणार. मी लाखनीला फोन लावला.

"आत्याबाई, पेटीले खालून उदई लागली. काय करू?"

त्या म्हणाल्या, "उघडू नको. मी येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या आल्या. चपलाही न काढता पेटीजवळ गेल्या आणि कुलूप उघडलं. वरच्या साड्या धड होत्या. खाली हात घातला तशी बोटांना माती लागली. मुलामुलींच्या लग्नात आलेली कोरी लुगडी, चादरी, माझ्या नवऱ्याला शिवायला आणलेलं पँटचं कापड, सगळ्याची चाळण झालेली. एक चादर त्यांनी उचलली तर ती मधोमध तुटून दोन तुकडे झाले.

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर माझ्यावर ओरडतील. त्या चादरीचा तुकडा हातात धरून बसून राहिल्या. मग माझ्या वारलेल्या सासऱ्यांची आठवण काढून म्हणाल्या, "तुह्या मामाजीनं एकदा म्हटलं होतं, घाल ना ते हिरवं लुगडं. मी म्हटलं, राहू द्या, चांगल्या कामाले नेसीन." आणि उठल्या. "चाल. काय काय ठेवलं तू, दाखव मले."

त्या दिवसापासून मला दम खाता आला नाही. मी राखून ठेवलेल्या चिंध्यांच्या पोत्यासमोर उभ्या राहून त्या विचारायच्या, "हे कायले ठेवलं? कधी शिवशील? तारीख सांग." मी तारीख सांगू शकले नाही. तेही पोतं गेलं. नवऱ्याचे टायर त्यांनी स्वतः गडगडवत फाटकाबाहेर नेले. पेटीची बुडाची फळी बदलून, खाली चार विटा घालून ती खिडकीखाली ठेवली, बसायलाही झाली. आता ती उघडायला काहीही सरकवावं लागत नव्हतं. हिरवं लुगडं मधल्या थरात असल्यानं काठाकडंच थोडं खाल्लेलं होतं, मी काठ कापून दुसरा लावून दिला. त्या ते घरात नेसायला लागल्या, रोजच्या कामाला.

एका दुपारी भाजी निवडताना त्यांनी आपणहून सांगितलं, "मले वाटलं होतं, तुही माय आली की मी घरात पाहुणी होऊन जाईन."

"असं कसं होईल?"

"होते," त्या म्हणाल्या. "पण एवढं सामान मावलं तर आम्ही दोघी मावूच."

आता माय ऐकेना. मी फोनवर रोज सांगायचे, ती रोज नवं कारण काढायची. शेवटी आत्याबाईंनी माझ्या हातून मोबाईल घेतला आणि विहिणीला म्हणाल्या, "ईनबाई, सुनेनं घराचा दरवाजा उलटा करून टाकला तुमच्यासाठी. या नं आता. मले दिवसभर बोलायले कोणी नाही."

माय पोळ्यानंतर आली, गळ्यात हात बांधलेला. पहिले आठ दिवस ती खाटेच्या काठावरच बसायची, जशी बस यायची वाट पाहत असावी. पिशवीतून रोज एक लुगडं काढायची आणि धुऊन परत पिशवीतच ठेवायची. मी तिच्यासाठी भिंतीतलं कपाट रिकामं ठेवलं होतं. मी माझी शिवण करत राहिले. आत्याबाईंना मात्र राहवलं नाही, "ईनबाई, कपाट खायले नाही उठत तुमाले," त्या म्हणाल्या. माय ओशाळून हसली. तरी पिशवी तशीच.

दोघी नंतर भांडल्याही. टीव्हीवरून, वरणात चिंच किती यावरून. मला दोघींच्या मध्ये पडायची इच्छा व्हायची, मी पडत नव्हते.

प्लास्टर निघालं. हात बराचसा वळायला लागला. धान कापणीला आला तसं मायनं एकोडीला जायचं ठरवलं, वाटणीचं धान आपल्या डोळ्यांनी मोजून घ्यायचं म्हणून. मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि मनाची तयारी केली, की ही आता तिकडंच राहील. तिला ओढून आणायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. माझं काम जागा करण्याचं, ते मी केलं होतं.

वीस दिवसांनी दुपारी मी बैठकीत मशीनवर बसले होते. फाटकाशी ऑटो थांबला. माय उतरली, एकटीच, ऑटोवाल्याकडून तांदळाचं पोतं आत ठेवून घेतलं. कोणी बोलावलं नव्हतं, फोनही केला नव्हता. "ऊन लागलं वं," एवढंच म्हणाली, हातपाय धुतले, आणि आपल्या खोलीत जाऊन दरवाजा ओढून घेऊन झोपली.