अक्कांचं कच्चं ताट

पाहुणे आले की अक्का चूल पेटवत नसत. "आयत्या येळंला येणाराला कच्चंच," असं म्हणून पितळी परात पुढे ओढत. कडेने काकडीच्या चकत्यांच्या पाकळ्या, त्यांच्या आत गाजर, मग मोड आलेली मटकी, डाळिंबाचे दाणे आणि मधोमध टोमॅटोच्या सालीचा गुलाब. नवी नवरी असताना मी हरखून गेले होते. "किती सुंदर मांडता हो!" म्हणाले, तर सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, "सुंदरबिंदर काय न्हाई, नेकनूरवाले. आसं मांडलं की माणूस मोडाया कचरतो. कमी खातो."

अक्का माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच विधवा होऊन नांदूरघाटजवळच्या आमच्या गावी भावाकडे आल्या आणि घर ताब्यात घेतलं. माझं त्यांच्याशी एक दिवस पटलं नाही. माझ्या भाकरीला त्या चामडं म्हणत, माझ्या नेकनूरच्या माहेरच्यांना फुकटे. मी घासलेलं भांडं माझ्यादेखत पुन्हा घासत. मीही ऐकून घेणारी नव्हते. आमची जुंपली की सासूबाई देवघरात जाऊन बसत.

अशातच दुष्काळ पडला. सासरे दूध संस्थेचे चेअरमन. संस्थेने गावाबाहेर चारा छावणी उघडली होती. कागदावर तिथे हिरवा चारा पडत होता. दावणीत मात्र उसाचं वाळकं पाचट आणि बुरशी लागलेला कडबा. गावाला हे माहीत होतं, पण चेअरमनसमोर बोलणार कोण?

एका दुपारी गुरं राखणारी गंगूबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. "आक्का, तुमच्या भावाच्या चाऱ्यानं माझी गाय मेली," म्हणाली.

अक्कांनी तिलाच झापलं. "माझ्या दारात काहून वरडतीस? गाय ते खात हुती त्या वक्ताला तुझं त्वांड शिवलं हुतं का?" तिला पाणीही विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र डोक्यावर पदर ओढून भर उन्हात छावणीकडे निघाल्या. परत आल्या त्या पदरात काहीतरी बांधून. रात्री जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी छावणी तपासायला जिल्ह्याचे साहेब येणार होते. सासऱ्यांनी बीडहून जीपने भाजी आणवली. "अक्का, आज ताट एक नंबर झालं पायजे. साहेब हितं रमला की उन्हात हिंडायचा न्हाई."

"व्हईल," अक्का म्हणाल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

साहेब बैठकीत टेकले तशी अक्का झाकलेली परात घेऊन बाहेर आल्या. मी पाण्याचे ग्लास घेऊन मागे. त्यांनी वरचं फडकं काढलं. काकडी, गाजर, डाळिंब, सगळं जिथल्या तिथे, नेहमीपेक्षाही देखणं. मधोमध मात्र पाचट वळून केलेली फुलं होती आणि त्यांच्या भोवती काळ्या पडलेल्या कडब्याचे तुकडे नीट रचले होते. बैठकभर कुबट वास पसरला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"छावणीतलं जेवान. जनावरं हेच खातेत. घ्या की, लाजू नका."

"अक्का, आत हो!" सासरे ओरडले.

"तू गप रं!" त्या भावाकडे वळल्या. "आरं, मुकी जनावरं हायती. तुला श्याप बी देता येत न्हाई त्यांला."

साहेब उठले, बूट घातले आणि तडक छावणीकडे चालू लागले. संध्याकाळपर्यंत तिथेच होते. आठवड्याभरात दावणीत हिरवा चारा आला आणि सासऱ्यांची चेअरमनकी गेली.

त्यानंतर घरात बहीण-भाऊ बोलले नाहीत. मग एका सकाळी सासरे मला म्हणाले, "तिला सांग, आष्टीला सासरच्या पुतण्याकडं जा म्हणावं." अक्का बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी उठून गाठोडं बांधलं.

फाट्यावर एसटीपर्यंत पोचवायला मीच गेले. का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. "रडायचं सोंग नगं," त्या म्हणाल्या. "आता घर तुझं हाय."

"परत कधी येणार?"

"तुझा सासरा मेल्यावर."

पण आधी त्याच गेल्या. आष्टीहून निरोप आला तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. "मोठी हुती ना," म्हणाले, "म्हणून पुढं गेली." मग टोपी मागितली. मी टोपी आणेपर्यंत ते अनवाणीच फाट्याच्या वाटेला लागले होते.